डिगरसे सरांची नेमणूक

बोरगावच्या खासगी विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचा विभाग होता, प्रयोगशाळा होती, भरलेले वर्ग होते, फक्त ज्येष्ठ प्राध्यापक नव्हता. आधीचे प्राध्यापक हैदराबादला निघून गेले आणि त्यांच्या मागे विभागाचं संशोधन केंद्र बंद पडलं. एक तरी ज्येष्ठ प्राध्यापक असल्याशिवाय केंद्र चालवता येत नाही, असा नियम आहे. कुलगुरू अतुल श्रीखंडे यांनी दोनदा जाहिरात दिली. पहिल्या खेपेला कोणी आलंच नाही. दुसऱ्या खेपेला पुण्याचे एक गृहस्थ आले, मुलाखत छान झाली, दुपारी त्यांना जवळचं सौंसर गाव दाखवून आणलं आणि संध्याकाळी त्यांनी नागपूरची बस धरली ती धरलीच.

या सगळ्याचा सर्वांत जास्त त्रास ऋतुजा खवसेला झाला. ती विभागात सहायक प्राध्यापक होती, वय चौतीस, सौंसरचीच. कोणी घ्यायला तयार नव्हतं म्हणून विभागप्रमुखाचं काम तिच्याकडे आलं होतं, आणि तिची स्वतःची पीएचडी केंद्राबरोबरच अडकून पडली होती. तिचा विषय तुटलेल्या तारांचा होता. शेतातून जाणारी विजेची तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली, तर जमिनीत करंट इतका थोडा जातो की सबस्टेशनमध्ये बिघाड ओळखून लाइन बंद करणाऱ्या रिलेला काही वेगळं वाटतच नाही. कोणीतरी एखादी मोटर सुरू केली असेल, इतकंच त्याला कळतं. लाइन बंद होत नाही, तार तशीच जिवंत पडून राहते आणि सकाळी तिच्यावर कोणाचा तरी पाय पडतो. अशी पडलेली तार ओळखायची कशी, यावर देशात ज्या मोजक्या लोकांनी आयुष्य घातलं त्यांत एक नाव दिलीप डिगरसे यांचं होतं. ऋतुजाने त्यांचे सगळे शोधनिबंध वाचले होते. काही तर तिला जवळपास पाठ होते.

हे डिगरसे सर पांढुर्ण्याचे आहेत आणि दोन वर्षांपासून पांढुर्ण्यातच राहून राहिले आहेत, हे तिला एका लग्नाच्या पंगतीत कळलं. शेजारी बसलेल्या बाईंनी सहज सांगितलं की त्यांच्या गल्लीत एक मोठे प्रोफेसर राहतात, दक्षिणेतल्या कोणत्या तरी मोठ्या संस्थेतून नोकरी सोडून आले, कोणात मिसळत नाहीत. ऋतुजाने नाव विचारलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

पुढच्याच रविवारी ती पांढुर्ण्याला गेली. नोव्हेंबर सुरू होता, रस्त्याने संत्र्यांच्या गाड्या चालल्या होत्या. घर रेल्वेलाइनच्या जवळ होतं, साधं, दोन मजली. दार सरांच्या पत्नीने, विजयाबाईंनी उघडलं. समोरच्या खोलीत टीव्ही सुरू होता, आवाज मात्र बंद होता. सर खुर्चीत बसले होते, उंच, सडपातळ, दाढी नीट केलेली. ऋतुजाला दाराजवळच्या सोफ्यावर जागा मिळाली. तिच्या पाठीमागून ऊन येत होतं.

तिने ओळख करून दिली आणि येण्याचं कारण सांगितलं. विद्यापीठ, संशोधन केंद्र, रिकामी जागा. सरांनी शांतपणे तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणी घेतलं का तुम्ही?"

"हो सर. मी म्हणत होते, आमच्याकडे येण्याचा तुम्ही विचार कराल का?"

सरांनी उत्तर द्यायच्या आधीच विजयाबाई बोलल्या. "नाई बाई. आता नोकरी नाई करत ते. झालं तेवढं पुरे झालं."

"सर, निदान एकदा येऊन बघा. प्रयोगशाळा चांगली आहे."

"त्याइची तब्येत बरी नसते," विजयाबाई म्हणाल्या आणि सरांकडे वळून, जरा सावकाश, म्हणाल्या, "ह्या खवसे बाई. प्रयोगशाळा पाहाले बोलावून राहिल्या. बोरगावले. मी नाई म्हणून सांगितलं."

सरांनी मान हलवली. "खवसे म्हणजे तुम्ही लोधीखेड्याचे काय?" त्यांनी ऋतुजाला विचारलं.

ती सौंसरची, असं ती सांगत होती तेवढ्यात मागच्या लाइनीवरून इटारसीकडे जाणारी मालगाडी निघाली. ऋतुजा थांबली, विजयाबाईही थांबल्या. सर मात्र लोधीखेड्याच्या त्यांच्या एका जुन्या मित्राबद्दल त्याच आवाजात बोलत राहिले. गाडीच्या खडखडाटात त्यांचं एकही वाक्य ऐकू आलं नाही. ऋतुजाला ते विचित्र वाटलं, आणि थोडं उद्धटपणाचंही. आणखी दोनदा तिने विषय काढला, दोन्ही वेळा उत्तर बाईंनीच दिलं. चहा झाला आणि ती उठली.

घरी आल्यावर ती नवऱ्याला, रोहितला, म्हणाली, "त्यांना बोलूच देत नाही ती बाई. इतका मोठा माणूस, आणि घरात त्याच्या तोंडचे शब्द बायको बोलते."

"मग सोड ना," रोहित म्हणाला. "कोणाच्या घरच्या भानगडीत कायले पडतं?"

तिने सोडून दिलंही होतं. पण पंधरा-वीस दिवसांनी प्रबंधातल्या एका जागेवर ती अडली. तिची मांडणी ओल्या जमिनीवर बरोबर चालत होती आणि कोरड्या जमिनीवर पार कोसळत होती, आणि का ते सांगू शकेल असा एकच माणूस तिला माहीत होता. नोकरीचं बोलायचं नाही, फक्त एवढंच विचारायचं, असं ठरवून ती पुन्हा पांढुर्ण्याला गेली.

दार उघडंच होतं. विजयाबाई भाजीबाजारात गेल्या होत्या, हे शेजारणीने सांगितलं. "सर हायेत मागं, जा ना." ऋतुजा घराच्या बाजूने मागच्या अंगणात आली. सर पाठमोरे बसून मिक्सरची मोटर उघडून बघत होते. त्यांच्या मागे, चार हातांवर, गच्चीवरच्या टाकीतून पाणी धो धो खाली पडत होतं. टाकी केव्हाची भरली असावी. अंगणात तळं साचलं होतं आणि पाणी सरांच्या चपलांपर्यंत पोचत आलं होतं. पंपही सुरूच होता.

"सर," ती म्हणाली. मग मोठ्याने, "सर." मग आणखी मोठ्याने.

ते वळले नाहीत. ऋतुजा जागीच उभी राहिली. मालगाडी, मुका टीव्ही, "पाणी घेतलं का" हा मध्येच विचारलेला प्रश्न, बाईंची उत्तरं, सगळं तिच्या डोक्यात एकाएकी जागेवर बसलं. भिंतीवर पंपाचं बटण होतं. तिने जाऊन ते बंद केलं आणि मग वळसा घालून सरांच्या समोर आली.

ते दचकले. तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या बटणाकडे, मग पाण्याकडे. मिक्सरचा स्क्रू त्यांनी हळूच वाटीत टाकला.

"केव्हापासून सुरू होतं?" त्यांनी विचारलं.

"मी आत्ताच आले सर."

ते तिच्या ओठांकडे पाहत होते. ऋतुजाने समोरचं स्टूल ओढलं, उजेड चेहऱ्यावर येईल असं बसली आणि सावकाश म्हणाली, "मागच्या वेळी माझ्या मागं ऊन होतं. तुम्हाला माझा चेहरा दिसत नव्हता."

सरांनी मिक्सर बाजूला सरकवला. मग म्हणाले, "बरोबर. तुम्ही काय काय बोललात ते मला विजयानं नंतर सांगितलं."

त्यांनी फार लांबण न लावता सांगितलं. सहा-सात वर्षांपूर्वी सुरू झालं, आधी बारीक आवाज गेले, मग माणसांची बोलणी एकमेकांत मिसळायला लागली. कानाची मशीन घेतली, पण मोठ्या खोलीत ती खुर्च्यांचा आवाज आणि प्रश्न दोन्ही सारखेच मोठे करून कानात ओतायची. संस्थेत त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मग त्यांच्याच एका विद्यार्थ्याची पीएचडीची तोंडी परीक्षा होती, बाहेरचे परीक्षक पडद्यावरून जोडलेले. परीक्षकाने सरांना काही विचारलं आणि सरांनी भलत्याच गोष्टीचं लांबलचक उत्तर दिलं, चांगलं ठासून. मागे पोरं हसली, ते त्यांना दिसलं, ऐकू आलं नाही. कोणीतरी ते मोबाइलवर उतरवून पसरवलं. ते फिरत फिरत त्यांच्यापर्यंतही आलं.

"मी ते पाहिलं," सर म्हणाले. "खाली शब्द दिले होते कोणीतरी, म्हणून मला कळलं काय झालं ते. दुसऱ्या महिन्यात मी सुटलो तिथून."

ऋतुजाने पिशवीतून आपला आलेख काढला आणि गुडघ्यावर पसरला. "सर, हे कोरड्या जमिनीवर का कोसळतं?"

त्यांनी चष्मा लावला. पहिली काही मिनिटं नुसतंच पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाले, "तू करंट किती आहे ते मोजून राहिली. किती आहे हे पाहू नको. तो कसा थरथरतो ते पाहा." तार जमिनीला टेकते तिथं ठिणगी सारखी विझते आणि पेटते, आणि त्या विझण्या-पेटण्याचा एक स्वभाव असतो, तो मोटरच्या करंटमध्ये कधी नसतो, हे ते सांगू लागले. कागदाच्या कोपऱ्यात वक्र काढले. ऋतुजा मध्ये विचारायची, त्यांना कळलं नाही की ते हात वर करायचे, ती पुन्हा विचारायची. तुम्ही कधी तू झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

विजयाबाई परत आल्या तेव्हा ती दोघं त्या पाण्यातच पाय ठेवून बसली होती. बाई दारात थबकल्या, हातात भाजीची पिशवी तशीच. सर बोलत होते, हसतही होते. त्या तशाच आत गेल्या.

ऋतुजा निघाली तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या. "तुम्हाले कळलं ना," त्या म्हणाल्या.

"हो काकू. मागच्या वेळी मी तुमच्याबद्दल वेगळंच समजून गेले."

"सगळेच समजतात. समजू द्या." त्यांनी फाटकाची कडी धरून ठेवली होती. "पाच वर्ष झाले, मी त्याइचे कान हावो. बँकेत मी, डाक्टरकडं मी, नातेवाइकात मी. आता तुमी त्याइले पुन्हा त्या खुर्चीवर बसवान. अन् लोकं हसतीन, तवा मी तिथं नसन. मग त्याइनं काय करावं?"

"मला माहीत नाही काकू," ऋतुजा म्हणाली.

दोन दिवसांनी सरांचा मोबाइलवर संदेश आला. अर्ज करतो, लिहिलं होतं, पण कुलगुरूंना माझ्या कानांचं आधी सांग. ते कळूनही बोलावलं तरच येईन.

ऋतुजा सांगायलाच कुलगुरूंकडे गेली होती. पण डिगरसे हे नाव ऐकताच श्रीखंडे साहेब खुर्चीतून उठले. "दिलीप डिगरसे? ते पांढुर्ण्यात हायेत? अन् आपण पुण्यात शोधत होतो?" त्यांनी लगेच कुलसचिवांना फोन लावला, निवड समितीची तारीख घ्यायला सांगितली, भोपाळहून कोणता तज्ज्ञ बोलवायचा तेही ठरवलं. इतक्या आनंदात त्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. मुलाखतीच्या आधी सांगू, असं म्हणून ती परत आली. मुलाखतीच्या आधीही तिने सांगितलं नाही. एकदा साहेब घाईत होते, एकदा केबिनमध्ये दुसरं कोणी होतं. खरं कारण वेगळं होतं. तिला भीती वाटत होती की बोलावणंच येणार नाही.

मुलाखतीच्या दिवशी सर आणि विजयाबाई सकाळच्या बसने आले. सरांनी कानात मशीन लावली होती. सभागृहात लांब टेबल, पलीकडे पाचजण, डोक्यावर एसी घरघरत होता. ऋतुजा विभागाची म्हणून एका टोकाला बसली. बाहेर बाकावर विजयाबाई पर्स मांडीवर धरून बसल्या.

श्रीखंडे साहेबांनी स्वागताचं काहीतरी बोलायला सुरुवात केली. सरांनी हात वर केला. "माफ करा. एसी बंद करता येईल का? आणि मी जरा पुढं येऊन बसतो. मला कानांनी फार कमी ऐकू येतं, समोरून तोंड दिसलं तर बरंचसं कळतं. मॅडमनी तुम्हाला सांगितलंच असेल."

कुलगुरूंनी ऋतुजाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. सरांनी ते पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे नाही सांगितलं," ते म्हणाले. "मग हे तुम्हाला आता कळतंय. मला परत पाठवलं तरी मला राग नाही."

"बसा सर," श्रीखंडे म्हणाले. आवाज पहिल्यासारखा नव्हता. कोणीतरी एसी बंद केला.

मुलाखत झाली. विषयावरच्या प्रश्नांना सरांनी दिलेली उत्तरं ऐकून भोपाळचे तज्ज्ञ दोनदा खुर्चीत पुढे सरकले. शेवटी त्यांनी हातातलं पेन बाजूला ठेवलं. ते वयाने सरांच्याच बरोबरीचे होते आणि मनाने वाईट नव्हते. ते हिंदीत, प्रत्येक शब्द सुटा करून, बोलले. "डिगरसेजी, आपका काम मैं जानता हूँ. लेकिन हाय व्होल्टेज लॅब आपके जिम्मे होगी. कोई बच्चा चिल्लाया और आपने नहीं सुना, तो?"

हा प्रश्न खरा होता. खोलीत सगळ्यांनाच तो पडला होता.

"ज्या लॅबमध्ये जीव वाचवायला कोणाला ओरडावं लागतं," सर म्हणाले, "ती लॅब मी माझे कान चांगले होते तेव्हाही बंद केली असती. दार उघडलं की सप्लाय तुटला पाहिजे. दिवा लाल झाला पाहिजे. तुमच्या लॅबचं दार मी येता येता पाहिलं, त्याला साधी कडी आहे. ते मी आलो नाही तरी बदला."

तज्ज्ञांनी काहीतरी लिहून घेतलं. मग समितीने आपसांत बोलून ठरवलं की सरांनी एक तास वर्ग घ्यावा, लगेच, तिसऱ्या वर्षाचा.

वर्ग भरलेला होता. समिती मागच्या भिंतीला खुर्च्या टाकून बसली. ऋतुजा दाराजवळ उभी राहिली, तिच्या बाजूला विजयाबाई. सरांनी सुरुवातीलाच पोरांना सांगितलं की आपल्याला ऐकू कमी येतं, प्रश्न विचारायचा असेल त्याने हात वर करावा, आपण त्याच्याजवळ येऊ. मग तुटलेल्या तारेचा विषय घेतला. पोरं बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. तार तुटलेली प्रत्येकाने कधी ना कधी पाहिली होती. पहिल्या काही मिनिटांतच वर्ग गप्प झाला.

पहिला हात शेवटच्या बाकावरून वर गेला. शिवानी नावाची मुलगी, तिचा आवाज एरवीही दुसऱ्या बाकाच्या पुढे जात नसे. सर सगळा वर्ग ओलांडून तिच्यापर्यंत गेले.

"सर, तार गीली हो तो?" तिने विचारलं.

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि फळ्याकडे परत आले. "चांगला प्रश्न," ते म्हणाले, आणि तार दोन खांबांमध्ये सैल पडली, झोळ आला, तर वाऱ्याने दुसऱ्या तारेला कशी लागते, ते सांगू लागले. आकृती काढली. शिवानी गोंधळून शेजारणीकडे बघू लागली. मधल्या बाकांवर कोणीतरी हसलं, मग आणखी दोघं-तिघं. विजयाबाईंनी ऋतुजाचं मनगट धरलं. त्या पुढे जायला निघाल्या होत्या. तोंडात शब्दही आला असावा.

पण सर वळले होते, आणि त्यांनी हसणारे चेहरे पाहिले. खडू धरलेला हात खाली आला. ऋतुजाला वाटलं, आता हे खडू ठेवतील आणि दारातून निघून जातील.

ते मागच्या बाकाशी परत गेले. "मी काय ऐकलं ते सांगतो," ते शिवानीला म्हणाले. "तार ढीली हो तो. तू काय म्हणाली?"

"गीली सर. पानी से."

"गीली." त्यांनी तो शब्द स्वतः म्हणून पाहिला, मग दुसरा. मग सगळ्या वर्गाकडे तोंड केलं. "आपल्या बाजूवाल्याला आवाज न काढता म्हणून दाखवा. एकदा गीली, एकदा ढीली. बघा ओळखता येतं का."

पोरं एकमेकांकडे वळली. सगळा वर्ग बिनआवाजाने तोंड हलवू लागला. हसणारी पोरंही करत होती आणि त्यांना ओळखता येत नव्हतं, कारण दोन्ही शब्द ओठांवर अगदी सारखे दिसतात. पुन्हा हसू फुटलं, पण या वेळी सरही त्यात होते.

"मला दिवसभर हेच करावं लागतं," सर म्हणाले. "म्हणून मी चुकलो की मला सांगायचं. हसा, पण सांगा. आता पाण्याचं पाहू." आणि त्यांनी शिवानीच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

नंतर इतके हात वर गेले की तास संपल्याचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. विजयाबाईंनी ऋतुजाचं मनगट केव्हा सोडलं ते तिलाही कळलं नाही.

समितीचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. दार बंद करून ते बराच वेळ बसले. भोपाळच्या तज्ज्ञांचं म्हणणं पडलं की माणूस मोठा आहे, वर्गही चांगला घेतला, पण कायम नेमणुकीला आपली सही नाही. शेवटी एक वर्षाच्या कराराने घ्यावं, पुढचं पुढे बघावं, असं ठरलं. निकाल सांगायला श्रीखंडे साहेब स्वतः बाहेर आले. जगभर ज्यांचे निबंध वाचले जातात त्यांना एका वर्षाचा करार देताना ते संकोचले होते.

विजयाबाईंचा चेहरा उतरला. "चला घरी," त्या सरांना म्हणाल्या.

"एक वर्ष त्यांनी मला पाहावं," सर म्हणाले, "अन् मी त्यांना पाहतो. ठीक आहे."

साहेब गेल्यावर ते ऋतुजाकडे वळले. "तू सांगितलं नाही."

"नाही सर. मला वाटलं, बोलावणार नाहीत."

"तसंही झालं असतं. पण ते मला चाललं असतं. कोणी काही लपवलेलं मला आता चालत नाही, माझ्या भल्याचं असलं तरी." ते चिडून बोलले नाहीत, म्हणून तिला जास्तच लागलं. त्याच संध्याकाळी ती कुलगुरूंकडे जाऊन आपली चूक सांगून आली. साहेबांनी ऐकून घेतलं, पुढच्या वेळी असं करू नका म्हणाले, आणि लॅबच्या दाराचं काम त्याच आठवड्यात सुरू करायला सांगितलं.

जानेवारीत सरांनी सौंसरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पांढुर्ण्याहून रोज येणं झेपणारं नव्हतं. पहिल्या आठवड्यात एका दुपारी विजयाबाई डबा घेऊन विभागात आल्या आणि ऋतुजाच्या केबिनमध्ये बसल्या.

"मी वर्गात मागं बसू का?" त्यांनी विचारलं. "काई बोलणार नाई. नुसती बसन."

ऋतुजाने सरांना विचारलं. सर नको म्हणाले. तो निरोप बाईंना सांगणं तिला जड गेलं. बाईंनी डबा टेबलावर ठेवला. "पाच वर्ष मी नसली तर त्याइचं पान हालत नोतं," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून म्हणाल्या, "चांगलंच हाये म्हणा." पण त्या दिवशी त्यांना ते चांगलं वाटत नव्हतं, हे उघड होतं.

पुढच्या आठवड्यात त्या नागपूरला बहिणीकडे गेल्या. इतक्या वर्षांत एकट्या कुठे राहिल्या नव्हत्या. दोन दिवसांसाठी म्हणून गेल्या आणि आठवडा राहून आल्या. इकडे सर एकदा चुकीच्या बसमध्ये बसून थेट लोधीखेड्याला पोचले. एकदा दारावर दूधवाला थापा मारून कंटाळून निघून गेला, मग त्यांनी दारावरच्या घंटीला स्वतःच एक दिवा जोडून घेतला. वर्गात पोरं त्यांना चुकलं की सांगत. काही पोरं त्यांच्या मागे त्यांची नक्कलही करत. ते त्यांना माहीत होतं.

मार्चमध्ये संशोधन केंद्राची परवानगी परत आली. ऋतुजाच्या प्रबंधावर मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव लागलं आणि तिच्या आलेखांवर रोज लाल रेघा पडू लागल्या. करार पुढे वाढणार की नाही ते अजून ठरायचं होतं; भोपाळचे तज्ज्ञ वर्षअखेरीला पुन्हा येणार होते.

त्याच सुमारास विजयाबाई तिला सौंसरच्या बाजारात भेटल्या. दोघी एका हातगाडीपाशी संत्री निवडत उभ्या राहिल्या.

"घरी काय म्हणतात सर?" ऋतुजाने विचारलं.

"काय म्हणतात," विजयाबाई म्हणाल्या. "आले की सुरू होतात. कोण काय बोललं, कोणी काय विचारलं, ते कुठं चुकले. जेवणं होऊन जातात तरी चालूच." त्यांनी एक संत्रं उचलून वास घेतला आणि पिशवीत टाकलं. "आधी त्याइच्या दिवसात जे व्हायचं ते माझ्यासमोरच व्हायचं, तर सांगतीन काय? आता मलेच काई माहीत नसते. मी आपली ऐकत बसते."